गैरहजर अकरा

कुडचड्याच्या हायस्कुलात वाचनालयाची फरशी उतरती.
काट्यातला बुडबुडा काही केल्या मधोमध येईना.
शिपाई देविदास परवारने तीन वेळा टेबले हलवली,
शेवटी शब्दकोशांच्या कपाटापुढे एक सपाट लादी सापडली.
सुतळीवर चादर टाकून आडोसा केला.
आधी दहा किलोचे प्रमाणित वजन ठेवायचे:
दहा पूर्णांक शून्य. बरोबर.
मग मुले.

बूट काढ. मोजे काढ. खिसे रिकामे कर.
एकाच्या खिशातून निघाली सायकलची किल्ली,
विसाची नोट, कागदात गुंडाळलेला अर्धा उंडो.
गळ्यातला क्रूसही काढू का, म्हणाला.
राहू दे, म्हटले, तेवढे देवाच्या नावे धरू.

टाचा भिंतीला. नजर समोर.
उंची मी मोठ्याने सांगते, वजन नुसते लिहिते.
आकड्याची खिडकी माझ्याकडे वळवलेली,
फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक.
तरी तेजस्विनी फडते कानाशी वाकून म्हणालीच,
"बाय, व्हडल्यान सांगूं नाकात."

मी नववीत असताना पीटीचे सर
मैदानाच्या या टोकावरून आकडे ओरडत
आणि त्या टोकाला मॉनिटर वहीत लिही.
माझा आकडा अठ्ठावन्न.
दहावी सुटेपर्यंत तेच माझे नाव होते.
परवा मडगावच्या बसमध्ये कंडक्टर कुणाला तरी म्हणाला,
अठ्ठावन्न सुटे द्या,
आणि मी मान खाली घातली.

बाबा खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
उरले ते खनिज, पावतीवर शिक्का.
रिकाम्यांची वजने त्यांना नंबरासकट पाठ.
आणि ड्रायव्हर? मी एकदा विचारले होते.
तो दोन्ही वेळा असतो गो, म्हणाले,
म्हणून हिशेबात येत नाही.

मला ही वजाबाकी पोरांना लावता येत नाही.
रिकामे पोर अजून कुणी मला दाखवलेले नाही.

दुपारी फॉर्म मोजले. अकरा कमी.
वर्गशिक्षिका हसल्या: काल सूचना वाचली ना, उद्या वजन आहे म्हणून.
कुणाला ताप, कुणाचे पोट,
तिघांच्या आज्या एकाच दिवशी काणकोणात आजारी.

दुसऱ्या फेरीला सात आले.
त्यातला एक काडीसारखा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
त्यालाही लपायचे होते.
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

एल्रॉय आलाच नाही.
संध्याकाळी दिसला तो पोदेराच्या भट्टीमागे,
पन्नास किलोचे मैद्याचे पोते खांद्यावरून उतरवताना,
पोते जमिनीवर टाकले नाही त्याने, ठेवले.
मला ओळखले. पळाला नाही.
"म्हाका खबर आसा, टीचर. आमच्या काट्यावर बघतो मी.
एक पोते, वर एकोणतीस."
सहा पाव मागितले होते, पिशवीत सात पडले.

त्याचा आकडा मला घेता येत नव्हता.
भट्टीचा काटा तपासलेला नाही,
संमतीपत्रावर घरच्यांची सही नाही,
आणि तो मला सांगितला होता, फॉर्मला नाही.

रात्री लिहिले: क्रमांक एकशे एकोणतीस.
उंची, कोरी. वजन, कोरे. शेरा, गैरहजर.
पणजीला तक्ता जाईल. टक्केवारी निघेल, दशांश चिन्हासकट,
शंभरात इतके जादा वजनाचे, इतके लठ्ठ,
आणि कुणी ते भाषणात वाचेल.

पाव अजून कोमट होते. एक नुसताच खाल्ला.
मग तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात टीप घातली:
जे आले नाहीत ते आलेल्यांसारखेच आहेत
असे कृपया धरू नये.

साहेब खोडतील कदाचित.
म्हणून पेनने लिहिली.